सावली गायब, रूळ लांब, वाघ पांढरा

२६ मेच्या दुपारी बारा वाजून एक-दोन मिनिटांनी भिलाईत सरळ रोवलेल्या काठीला सावलीच नसते. गेटचा खांब, क्रिकेटचे स्टंप, विजेचा पोल, सगळ्यांची सावली आपापल्या पायाखाली शिरते. पाइपचा तुकडा उभा धरला तर ऊन आरपार जातं आणि खाली जमिनीवर गोल कवडसा पडतो. भिलाई साधारण २१.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवशी बरोबर आपल्या डोक्यावर येतो. नागपूरही जवळपास याच अक्षांशावर, म्हणून तिथला शून्य सावली दिवसही हाच. जुलैत सूर्य परत जाताना आणखी एकदा डोक्यावरून जातो, पण तेव्हा ढग त्याला दिसू देत नाहीत. म्हणून मे चुकवायचा नाही.

मी भिलाईच्या टाऊनशिपमध्ये वाढलो. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, बाजारात छत्तीसगढी. हे जग देवाने केलं यावर माझा विश्वास आहे, आणि ते कसं चालतं हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. या दोन गोष्टींचं माझ्या डोक्यात कधी भांडण झालं नाही. उन्हाळ्यात कॉलेज बंद असतं, दुपारी बाहेर पडता येत नाही, आणि मग डोकं भटकायला लागतं. ते कुठे कुठे जातं, ते पुढे.

भिलाईचे बारा खरोखरचे बारा

सूर्य डोक्यावर यायची वेळ नीट बघा: बारा वाजून एक-दोन मिनिटं. मुंबईत शून्य सावली मेच्या मध्याला येते, आणि तेव्हा घड्याळात सुमारे १२ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात. नागपुरात बारा वाजून दहा. कारण सोपं आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ती रेषा छत्तीसगडमधूनच जाते. भिलाई तिच्यापासून जेमतेम सव्वा अंश पश्चिमेला. त्यामुळे भर उन्हाळ्यात आपलं घड्याळ आणि आकाशातला सूर्य जवळजवळ एकमतात असतात. मुंबईकरांच्या नशिबी हे नाही.

यातून सुट्टीतला एक झकास प्रयोग निघतो. मुंबईतल्या मावसभावाला फोन करायचा. एकाच दिवशी दोघांनी काठी रोवायची आणि सावली सगळ्यात आखूड कधी होते ते टिपायचं. फरक साधारण ३४ मिनिटांचा येतो. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे दोन शहरांमध्ये साडेआठ अंश रेखांशाचं अंतर. घरबसल्या पृथ्वी मोजून झाली!

याच रेखांशाने जुन्या खलाशांना रडवलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स, आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते, ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात पोचले. वडिलांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं, की पूर्व-पश्चिम दिशेने गलबत हाकणं कठीण, कारण त्यासाठी आकाशात एकही ठरलेला बिंदू नाही. त्यांना हवं होतं ते समुद्रात न चुकणारं घड्याळ, आणि ते यायला अठरावं शतक उजाडावं लागलं. ज्या माणसाने मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या, तो प्रवासात होकायंत्राची सुई किती ढळते याकडेही डोळे लावून होता, हे मला फार आवडतं.

नवतपा

सावली हरवते त्याच्या आदल्या दिवशी, २५ मेच्या सुमारास, सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि इथे नवतपा लागतो. नऊ दिवस दुपारी रस्ते ओस. पारा ४४-४५ वर. सूर्य डोक्यावर, जमीन कोरडी, आकाशात ढग नाही, आणि पावसाचं वारं अजून दूर. एवढी कारणं एकत्र आली की आणखी काही लागत नाही.

मात्र सूर्य जवळ आलेला नसतो. पृथ्वी तेव्हा सूर्यापासून लांब लांब जात असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सगळ्यात दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर पोचते. जानेवारीच्या कडक थंडीत आपण सूर्याच्या पन्नास लाख किलोमीटर अधिक जवळ असतो.

मराठी बायबलमध्ये ईयोबाच्या पुस्तकात, ३८व्या अध्यायात, कृत्तिका आणि मृगशीर्ष ही नावं येतात. देव ईयोबाला विचारतो, की यांचे बंध तुला बांधता-सोडता येतील का. मेमध्ये त्या दिसत मात्र नाहीत, कारण सूर्य नेमका त्याच भागात असतो: आधी कृत्तिका, मग रोहिणी, मग ८ जूनच्या आसपास मृग. दुर्बिणीतून कृत्तिकांमध्ये शेकडो तारे दिसतात आणि ते खरोखरच एकमेकांना गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आहेत. अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं. काही कोटी वर्षांनी तो बंधही सुटेल आणि तारे आपापल्या वाटेने जातील.

कूलरचं गणित

बाहेर ४४ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर किती दाखवेल? साधारण २३! वीस अंशांची ही सूट पाण्याच्या बाष्पीभवनाने मिळते. कूलरच्या ताट्या हेच करतात, माठही हेच करतो. एक लिटर पाणी तासाभरात उडून गेलं, तर ते जवळपास ६७० वॅट उष्णता सोबत घेऊन जातं. म्हणूनच मेमध्ये कूलरपुढे बसलं की अंगावर काटा येतो, आणि जूनच्या मध्याला पहिल्या सरी आल्या की तोच कूलर नुसता चिकचिक करायला लागतो. हवाच पाण्याने भरलेली असते, ती आणखी पाणी घेणार कुठे? खिडकी बंद करून कूलर लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ओली हवा बाहेर जायला वाट लागते.

एक रूळ, चौदा सेंटीमीटर

भिलाई स्टील प्लांटमध्ये १३० मीटरचा एकसंध रूळ बनतो. असे दोन जोडून २६० मीटरचं पॅनेल तयार होतं. मीटरला ६० किलो या हिशेबाने एका पॅनेलचं वजन पंधरा टनांच्या वर.

आता हे पॅनेल मोकळं ठेवलं असं धरा. जानेवारीच्या पहाटे रुळाचं तापमान १२ अंश, मेच्या दुपारी ६०. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. हिशेब केला की २६० मीटरचा रूळ जवळपास १४ सेंटीमीटर लांब होतो. पूर्वी रुळांच्या सांध्यात फट ठेवत. गाडीचा तो ओळखीचा खडखडाट त्या फटींचाच. आता मैलोन्‌मैल रूळ जोडून टाकतात, फटच नाही. मग ही वाढ जाते कुठे? ती जातच नाही. स्लीपर, क्लिपा आणि खडी मिळून रुळाला घट्ट धरून ठेवतात आणि सगळा जोर रुळाच्या अंगातच दबून राहतो. पकड सैल पडली तर रूळ आडवा वाकतो. म्हणून वर्षातल्या सरासरीच्या वरचं एक तापमान ठरवून, त्या तापमानाला रूळ मोकळा करून पुन्हा कसतात. रेल्वेची माणसं याला डिस्ट्रेसिंग म्हणतात. भर उन्हात रुळावर गस्त घालणारी जी माणसं दिसतात, ती हाच जोर बाहेर तर पडत नाही ना, हे बघत असतात. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे.

डोंगर वाजत होता

दल्ली-राजहराच्या टेकड्या भिलाईहून शंभर किलोमीटरच्या आत आहेत. तिथलं लोह खनिज प्रमथनाथ बोस या भूवैज्ञानिकाने १८८७ साली नोंदवलं. पुढे १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा नागपूरला आले होते. अधिकाऱ्याची वाट बघता बघता समोरच्या संग्रहालयात गेले आणि तिथे एका भूगर्भीय नकाशात दुर्गचा परिसर गडद रंगवलेला त्यांना दिसला. गडद म्हणजे लोखंड. ते आणि अमेरिकन तज्ज्ञ सी. एम. वेल्ड टेकडीवर चढले, तर पावलांखाली दगड धातूसारखा वाजत होता.

तरीही टाटांचा कारखाना इथे झाला नाही. लोखंड होतं, जवळ पुरेसं पाणी नव्हतं. पुढे याच बोस यांनी पत्र लिहून टाटांना मयूरभंजच्या खनिजाची दिशा दाखवली आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. दुर्गचं लोखंड वाट बघत राहिलं. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली धमन भट्टी सुरू झाली. मधल्या काळात तांदुळा नदीवर धरण झालं होतं, कारखान्याला पाणी मिळालं ते तिथून. एका नकाशाच्या रंगातून इतकं काही घडतं. (आणि हे सगळे साहेब येण्याच्या कितीतरी आधीपासून मध्य भारतातले अगरिया लोक मातीच्या छोट्या भट्टीत लोखंड गाळत होते. त्यांचं नाव आधी घ्यायला हवं.)

आता त्याहून मागे जा. ते खनिज आलं कुठून? ताऱ्यांतून. मोठ्या ताऱ्याच्या पोटात हलकी मूलद्रव्यं जुळून जड होत जातात आणि प्रत्येक जुळणीतून ऊर्जा निघते. लोखंडाच्या गटाशी आलं की हे थांबतं, कारण त्यापुढे ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते. मग ताऱ्याचा गाभा कोसळतो, स्फोट होतो आणि लोखंड अवकाशात उधळलं जातं. पृथ्वीच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा लोखंड आहे. तुमच्या-आमच्या शरीरात तीन-चार ग्रॅम, त्यातलं बरंचसं रक्तात. भिलाईच्या भट्टीत आणि भट्टीपुढे उभ्या कामगाराच्या नसांत एकच मूलद्रव्य वाहतं. ‘तू माती आहेस’ असं बायबल माणसाला सांगतं, आणि राखेच्या बुधवारी चर्चमध्ये ते ऐकताना मला आता ताऱ्यांची राख आठवते.

वाघ आणि वाटाणे

भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभी राहिलेली भिलाईची प्राणिबाग, मैत्री बाग, तिच्या पांढऱ्या वाघांसाठी ओळखली जाते. सुट्टीत पाहुणे आले की तिथे फेरी ठरलेलीच. आणि दर वेळी कोणीतरी सांगतं, की हे बर्फातले वाघ. ते आपलेच बंगाली वाघ आहेत. त्यांच्या एका जनुकात, एसएलसी४५ए२ मध्ये, एका अमिनो आम्लाची अदलाबदल झालेली असते. हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. त्या बदलाने पिवळा-तांबडा रंग बनत नाही, काळा मात्र बनतो. म्हणून पट्टे शाबूत राहतात.

आज पिंजऱ्यांत दिसणाऱ्या पांढऱ्या वाघांचा मूळपुरुष म्हणजे मोहन. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी जंगलातून पकडलेला बछडा. मोठा झाल्यावर त्याची जोडी बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीशी लावली. सगळी पिल्लं पिवळी! मग त्यातल्याच राधा या वाघिणीशी, म्हणजे मुलीशीच, जोडी लावली आणि १९५८ साली पांढरे बछडे जन्मले.

हे घडण्याच्या शंभर वर्षं आधी ब्रनो गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा मठवासी वाटाण्यांवर हेच बघत होता. १८५६ ते १८६३ या काळात त्याने हजारो रोपं वाढवली, मोजली, वह्या भरल्या. एक गुण एका पिढीत लपतो आणि पुढच्या पिढीत पुन्हा वर येतो, तोही ठरावीक प्रमाणात. १८६६ मध्ये निबंध छापला, कोणी फारसं बघितलं नाही. १८८४ मध्ये तो वारला, आणि १९०० साली तीन वैज्ञानिकांना वेगवेगळे शोध लावता लावता कळलं, की हे तर त्या मठातल्या माणसाने आधीच करून ठेवलंय. प्रार्थनेच्या वेळा पाळून उरलेल्या वेळात वाटाणे मोजणारा हा माणूस माझा नायक आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. नात्यातल्या नात्यात जोड्या लावून हा रंग टिकवला गेला, आणि त्यापायी या वाघांमध्ये तिरळेपणासारखे दोष आले. रंग बघायला गर्दी जमते, पण त्याने जंगलातला एकही वाघ वाचत नाही. पाहुण्यांना पांढरा वाघ दाखवताना मी हेही सांगतो.

त्या गाडीत कोण बसलं होतं?

भिलाईहून नागपूरकडे जाणारी गाडी दुर्ग सोडलं की थोड्याच वेळात राजनांदगावला थांबते. मराठी ख्रिस्ती माणसाने या स्टेशनवर खिडकीतून बाहेर बघावं असं कारण आहे. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक राजनांदगावच्या राजाकडे नोकरीसाठी नागपूरहून याच मार्गाने निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक परदेशी मिशनरी भेटले. गप्पा कवितेवरून सुरू होऊन धर्मावर आल्या. उतरताना वॉर्डने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी वाचायचं वचन दिलं होतं, म्हणून वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये राजनांदगावचे दिवस आहेत. उन्हाळ्यात वाचायला याहून चांगलं मराठी पुस्तक मला माहीत नाही. आणि दोघांच्याही तारखा उन्हाळ्याशी जोडलेल्या: लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ चा, टिळकांचा मृत्यू ९ मे १९१९ चा. टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिलं. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईने!

टिळक शेवटी ज्या ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते, ते नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झालं. धर्माच्या चर्चेबरोबर त्यात खगोल, भूगोल, निसर्गविज्ञान यांवर लेख येत. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला ग्रहणाचं कारण आणि देवाची करुणा एकाच अंकात वाचायला मिळत होती. माझ्या डोक्यातली सरमिसळ मला एकदम खानदानी वाटायला लागते.

बोरे-बासी

रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, चटणी. छत्तीसगडमध्ये उन्हाळ्यात कष्टाचं काम करणारा माणूस हे खाऊनच घराबाहेर पडतो. २०२२ साली १ मेला सरकारनेही बोरे-बासी दिवस साजरा केला. रात्रभर त्या पाण्यात लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू कामाला लागलेले असतात. अशाच जीवाणूंवर लुई पाश्चरने १८५७ साली निबंध वाचला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात, येशू स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा देतो: एक बाई तीन मापं पिठात थोडंसं खमीर कालवते आणि सगळं पीठ फुगून येतं. हा दाखला मला खरा कळला तो भाताच्या पातेल्यापाशी. दिसत काही नाही, आणि सकाळी सगळंच बदललेलं असतं.

वाकलेली मेणबत्ती

मेमध्ये वेदीवरच्या मेणबत्त्या न पेटवताच मान टाकतात. पॅराफिन वितळतं पन्नास-साठ अंशांच्या आसपास, पण चाळीस ओलांडले की मऊ पडायला लागतं. मेणबत्तीचं सगळं शास्त्र मायकेल फॅरेडेने मुलांना सांगितलं होतं. त्या व्याख्यानांचं पुस्तक १८६१ साली निघालं आणि आजही छापलं जातं. फॅरेडे लोहाराचा मुलगा आणि आपल्या छोट्याशा चर्चचा वडील. भिलाईत जन्मला असता तर धमन भट्टीसमोरून हलला नसता!

इंद्रधनुष्य काढताना सूर्य कुठे?

सुट्टीत लहान मुलांसाठी चर्चमध्ये व्हीबीएस असते: गाणी, गोष्टी, हस्तकला, सरबत. नोहाची गोष्ट आली की मुलं जहाजावर इंद्रधनुष्य काढतात आणि शेजारीच हसरा सूर्य. मी मुलांना तेवढं एकच सुचवतो, की सूर्य कागदावर नको, चित्र बघणाऱ्याच्या पाठीमागे हवा. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला, ४२ अंशांच्या कोनात उमटतं. म्हणजे सूर्य ४२ अंशांहून वर चढला की जमिनीवरून आकाशात ते दिसूच शकत नाही. मेअखेर भिलाईत सकाळी साडेआठ-पावणेनऊनंतर दुपारी साडेतीनपर्यंत कितीही वळीव कोसळू दे, इंद्रधनुष्य शोधू नका. चारनंतर पूर्वेकडे बघा.

हे कोडं कोणी सोडवलं? १३०४ नंतरच्या पाच-सात वर्षांत जर्मनीतल्या थिओडोरिक नावाच्या डॉमिनिकन मठवाशाने पाण्याने भरलेले काचेचे गोळे उन्हात धरून प्रकाश आत कसा वळतो ते दाखवलं. आणि नेमक्या त्याच काळात इराणमध्ये कमालुद्दीन अल-फारिसी पाण्याने भरलेला काचेचा गोळाच घेऊन त्याच उत्तरापाशी पोचला. एक ख्रिस्ती, एक मुसलमान, एकमेकांचं नावही ठाऊक नाही. मला हा योगायोग कुठल्याही कादंबरीपेक्षा मोठा वाटतो.

ईस्टर उन्हाळ्यात का सरकतो?

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही येऊ शकतो. २५ एप्रिलला तो १९४३ साली आला होता, आता २०३८ मध्ये येईल. त्या वर्षी भिलाईतली पहाटेची पुनरुत्थानाची उपासनाही घामातच होणार. त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी इथे छिंदाची पानं हातात असतात.

हे गणित नीट बसावं म्हणूनच १५८२ साली कॅलेंडर सुधारलं. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. आविलाची संत तेरेसा त्याच रात्री वारली: ४ तारखेच्या आणि १५ तारखेच्या मधल्या रात्री. त्या सुधारणेचं गणित जगाला पटवून देणारा क्लाव्हियस हा जेझुइट. चंद्रावरच्या एका प्रचंड विवराला त्याचं नाव आहे, आणि २०२० साली उन्हात असलेल्या चंद्रभूमीवर पाण्याचे रेणू सापडल्याची बातमी आली ती त्याच विवरातून.

फादर आणि महास्फोट

विश्वाला सुरुवात होती, ही कल्पना विज्ञानात रीतसर मांडणारा माणूस कॅथलिक धर्मगुरू होता. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे. १९२७ साली त्यांनी आईनस्टाईनच्या समीकरणांवरून विश्व प्रसरण पावतंय असं दाखवलं. आईनस्टाईनने गणित मान्य केलं, भौतिकशास्त्र मात्र भयंकर ठरवलं. दोन वर्षांनी हबलची निरीक्षणं आली. १९३१ मध्ये लमेत्र यांनी सगळ्या विश्वाचा आरंभ एका ‘आद्य अणू’पासून झाला असं सुचवलं.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी या सिद्धांताचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडणारं भाषण केलं. कोणी दुसरा धर्मगुरू असता तर हरखून गेला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांनी पोपच्या विज्ञान सल्लागारामार्फत विनंती केली, की असं करू नये. सिद्धांत उद्या बदलू शकतो, श्रद्धेला त्याची काठी करू नये आणि विज्ञानालाही श्रद्धेचं ओझं देऊ नये. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा काढला नाही. युवक संघात कोणी विज्ञानाने बायबल सिद्ध झाल्याचा व्हिडिओ दाखवला की मी लमेत्रची ही गोष्ट सांगतो. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने हबलच्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस मतदानाने मंजूर केली.

दक्षिणेकडे, एका मुठीच्या उंचीवर

आता रात्रीचं काम. मेच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास, महिन्याच्या शेवटी आठला, दिव्यांपासून दूर, दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल अशा जागी उभे राहा. हात लांब करून मूठ धरा. मूठ म्हणजे साधारण दहा अंश. क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर चार ताऱ्यांचा एक छोटा, किंचित कललेला क्रूस दिसेल. आपल्याकडे त्याला त्रिशंकू म्हणतात. भिलाईतून त्याचा खालचा तारा जेमतेम सहा अंश वर येतो, वरचा बारा अंशांपर्यंत. दिल्लीच्या मुलांना यातला खालचा तारा कधीच दिसत नाही, तो तिथे क्षितिजाच्या वर येतच नाही. आपल्याला मे महिना हे सहज देतो.

यरुशलेममधून आज हा क्रूस दिसत नाही. वरचा तारा क्षितिजाला जेमतेम टेकतो, खालचा क्षितिजाखालीच राहतो. पण पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक घिरटी घेतो आणि त्याबरोबर आकाशही सरकत जातं. दोन हजार वर्षांपूर्वी, येशूच्या काळात, यरुशलेमच्या दक्षिण क्षितिजावर हे चारही तारे उगवत होते. तेव्हा त्यांना कोणी क्रूस म्हणत नव्हतं, ते नरतुरंग या मोठ्या तारकासमूहातच मोजले जात. मला यातून कसलाही चमत्कार काढायचा नाही. पण हे तारे त्या टेकड्यांवरून दिसत होते आणि आता आमच्या गच्चीवरून दिसतात, एवढ्याने माझा उन्हाळा सार्थकी लागतो.

क्रूसानंतर दोनेक तास थांबलात तर त्याच्या डावीकडून दोन ठळक तारे वर येतात. त्यातला जास्त तेजस्वी तो मित्र, अल्फा सेंटॉरी. नुसत्या डोळ्यांना दिसणारा, सूर्यानंतरचा आपला सगळ्यात जवळचा शेजार, ४.४ प्रकाशवर्षांवर. डोळ्यांना एक दिसतो, आहेत दोन. हे पहिल्यांदा कुठून कळलं? भारतातून! १६८९ च्या डिसेंबरमध्ये पाँडिचेरीत फादर जाँ रिशो धूमकेतू बघत होते. दुर्बीण या ताऱ्याकडे वळली आणि एकाच्या जागी दोन तारे दिसले.

शाळेतली छोटी दुर्बीण मिळाली तरी ते दोन वेगळे दिसतात, फक्त क्षितिजाजवळच्या धुळीतून प्रतिमा थरथरते, म्हणून तारा सगळ्यात उंच असेल तेव्हाच बघा. मेअखेर ती वेळ रात्री दहाची. जूनच्या मध्याला ढग येतील आणि दक्षिणेचं दार बंद होईल, म्हणून दुर्बीण मागायची असेल तर याच आठवड्यात मागून ठेवा.